म्हस्कूच्या हातातली काठी

"बघितलं, पर मापलं न्हाय."

म्हस्कूच्या तोंडी हे वाक्य दिवसातून चारदा तरी यायचं. कुणाची नवी बैलजोडी बघून आला, की हेच. लग्नात जेवून आला आणि मांडव केवढा होता म्हणून कुणी विचारलं, की हेच. धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा तो पाळण्यात डोकावून बाहेर आला. ओट्यावरच्या बायकांनी विचारलं, "केवढं हाय वो लेकरू?" त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हणाला, "बघितलं, पर मापलं न्हाय." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवख्या माणसाला वाटे, गडी डोक्यानं जरा सैल आहे.

ज्यांनी म्हस्कूला आधीपासून पाहिलं होतं, ते मात्र हसत नसत. कारण ह्याच माणसानं पाच वर्षं मापण्यावाचून दुसरं काही केलं नव्हतं. मग तो थांबला कसा? हातातली काठी त्यानं कुठं ठेवली, आणि ठेवल्यावर पुन्हा उचलावीशी कशी वाटली नाही? ह्याचा मी बरेच दिवस माग काढत होतो.

भवानीनगरहून लासुर्ण्याकडं कालव्याचा एक फाटा जातो. त्या फाट्यावर मी तेव्हा पाटकरी होतो. कुणाच्या रानात पाणी कधी सोडायचं आणि दार कधी पाडायचं, हे माझं काम. सकाळी सायकल बाभळीला टेकवायची आणि पाण्याच्या कडेकडेनं चालत सुटायचं. पाण्याबरोबर चालणाऱ्या माणसाला सगळ्यांची रानं दिसतात आणि सगळ्यांची मनंही थोडी थोडी दिसतात.

म्हस्कूचा बाप आबाजी मेंढरं राखणारा. सारा जन्म त्यानं उघड्या माळावर काढला, आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा कळप मोडून कालव्याखालचा आठ एकरांचा तुकडा घेतला. कळपातलं त्यानं एकच ठेवलं, काठी. चांगली पुरुषभर उंच, भरीव बांबूची, हाताळून हाताळून तेल पाजल्यासारखी झालेली. त्या काठीनं तो बाभळीच्या शेंगा झोडपून मेंढरांना घाली. आबाजी गेला आणि दोघा भावांनी, म्हस्कूनं आणि कुंडलिकनं, वाटणी करायची ठरवली.

थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं वाटे करणाऱ्याचा हात वाकडा जात नाही. म्हस्कूचा तर जाणारच नव्हता. त्यानं बापाची काठी घेतली, ती टोकाला टोक लावत कालव्यापासून ओढ्यापर्यंत जमीन मापली, बरोबर मधोमध दगड रोवले आणि तिथं बांध घातला. वरचा वाटा कालव्याच्या तोंडाशी, खालचा ओढ्याच्या काठाला.

"उचल," म्हस्कू म्हणाला.

कुंडलिकनं ओढ्याकडचा उचलला. गावाला नवल वाटलं. पाणी आधी मिळणारी जमीन सोडून पुरात खचणारा काठ कोण घेतो? मीही तेव्हा मनात म्हटलं, पोरगं कच्चं आहे.

पुढच्या वर्षी दोघांनी ऊस लावला. बेणं एकाच फडातलं, पाणी एकाच पाटाचं. आठ महिन्यांनी मी फाट्यावरून चाललो होतो तर म्हस्कू बांधावर उभा, काठी हातात.

"अप्पा, वाटं मीच केलं न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"काठी एकच हुती?"

"एकच."

"मग त्याचा ऊस माझ्यापरीस हातभर वर कसा?"

पाणी कुठून कुठं जातं ते मला पाठ होतं, पण जमिनीच्या आत गेल्यावर ते काय करतं, हे मी कधी बघितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "पुढच्या साली तुझा वर जाईल." वाटेनं जाणारा माणूस बोलतो तसं मी बोललो आणि निघालो. म्हस्कूनं ते मनावर घेतलं.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी तो आधी आपल्या रानात शिरे. बांधाकडच्या तिसऱ्या सरीतला ऊस ठरलेला. काठी उभी लावायची, जिथवर पोचेल तिथं अंगठा धरायचा, वर पुन्हा लावायची. मग विळ्याच्या टोकानं काठीला खाच पाडायची. त्यानंतर बांध ओलांडून कुंडलिकच्या रानात, तिथंही तिसरी सरी. त्याची खाच काठीच्या दुसऱ्या अंगाला. एका अंगाला आपण, एका अंगाला भाऊ. काठी फिरवली की कळायचं किती मागं आहोत.

एकदा मापायचा हात लागला, की तो उसापाशी थांबत नाही. भावाची कडब्याची गंजी मापून झाली. भावाच्या बैलाचं वशिंड मापून झालं. बारामतीच्या बाजारातून कुंडलिकनं पाण्याचं पिंप आणलं, तर हा दुसऱ्याच दिवशी त्याच्या अंगणात काठी घेऊन हजर. कुंडलिकची बायको फुलाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भावजी, पानी प्यायाचं हाय का पिंप?" म्हस्कू म्हणाला, "नुसतं बघतूया." पण बघता बघता त्याचा अंगठा काठीवर सरकत होता.

त्याची बायको सारजा तिखट जिभेची. एकदा मी ताक प्यायला टेकलो होतो. तिनं माझ्यासमोरच त्याला ऐकवलं, "अवो, एकदा मला आन फुलाबाईला बी शेजारी हुबं करा. एक बोट कमी भरले तर भाकरी वाढून घिईन म्हंते."

"थट्टा नगं, सारजा," म्हस्कू म्हणाला. "कायतरी चुकलंय. मापून केलेलं कमी भरतंय म्हंजी कुठंतरी चुकलंय."

हे बोलताना तो भावावर रागावलेला नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. कुंडलिकचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही. त्याला फक्त बरोबरी हवी होती. पण ती बरोबरी त्याच्या ताटातली चव घेऊन गेली. आपल्या रानात उभा असला तरी त्याची मान बांधाकडं. सारजानं हुरड्याचा वास सुटला म्हणून हाक मारली, तर हा विचारी, "त्यांचा झाला का भाजून?"

मग त्यानं पाण्याचा मार्ग धरला. पावसाची सर येऊन गेली आणि कुणी आपली पाळी सोडली, की म्हस्कू ती मागून घ्यायचा. मीही देत होतो. पाणी वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी रानात जाऊ दे, असं मला वाटे. भावाच्या रानात एक पाणी, तर ह्याच्या रानात तीन. सरीतून पाणी सारखं चमकत असायचं. पहिल्या वर्षी ऊस काळाभोर झाला. काठीवरच्या दोन खाचा चार बोटांवर आल्या. म्हस्कूनं त्या दिवशी मला घरी नेऊन गूळ खायला दिला.

तिसऱ्या वर्षी उसाची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली. रानाच्या मधोमध एक खोलगट जागा होती, तिथं ऊस गुडघ्याएवढाच राहिला. मग एका सकाळी, ओल ओसरून वाफसा आलेल्या सरीवर, पांढरं दिसलं. मला वाटलं, कुणाच्या हातून चुन्याची डबी सांडली. म्हस्कूनं चिमूट उचलून जिभेवर ठेवली.

"खारट," तो म्हणाला.

पंधरा दिवसांत ते पांढरं एका गुंठ्यावरून पाच गुंठ्यांवर गेलं. म्हस्कू रोज त्याचीही कड काठीनं मापत होता. लासुर्ण्याचे मानसिंगतात्या कालव्याखालच्या जमिनींचे जुने जाणकार. म्हस्कूनं त्यांना रानात आणलं. तात्यांनी ढेकूळ फोडलं, पहारीनं हातभर उकरलं, आणि खाली लागलेला घट्ट पिवळा थर बोटानं दाखवला.

"पानी खाली जाईना, अन् तू वरनं वततच हायस," ते म्हणाले. "ते आतलं मीठ घिऊन वर येतंया. चर काढ, छातीइतका खोल, आन ओढ्याला सोड. दोन सालात न्हाय काढलास तर ह्या रानात कुसळ बी उगवायचं न्हाय."

"आन कुंडलिकचं रान कसं काय बरं हाय?"

"त्याला ओढा शेजारी हाय. जास्तीचं पानी आपसूक निथळतं."

म्हणजे पाच वर्षांचा प्रश्न एका वाक्यात सुटला. काठीनं लांबी मापली होती. निथळणं तिला मापता आलं नव्हतं. आणि मी, पाण्याचा माणूस, त्याला पाण्यावर पाणी देत होतो. त्या दिवशी सायकल मी हातात धरूनच घरी आणली.

आता चर काढायचा तर तो कुंडलिकच्या उभ्या उसातून न्यावा लागणार. निदान चार सऱ्यांएवढा पट्टा आडवा जाणार, आणि त्यात ती मापाची तिसरी सरीही. म्हस्कूला हे मागायला जायचं होतं, आणि त्याचे पाय उचलत नव्हते. जो माणूस पाच वर्षं दर सोमवारी न विचारता त्या उसात शिरत होता, त्याला एकदा विचारून शिरणं जड झालं.

त्यानं आपल्या हद्दीतला चर खणायला घेतला. एकट्यानं, कुदळ आणि पाटी घेऊन, आठ दिवस. बांधापर्यंत आला आणि थांबला. चरात खारं पाणी साचलं आणि बांधाला टेकून हिरवं व्हायला लागलं. येणारी-जाणारी माणसं बोलायला लागली. एक म्हणाला, "म्हस्कूनं आडवा आड काढला रं." दुसरा म्हणाला, "म्हशी सोडा त्यात."

सारजा हसली नाही. ती मला म्हणाली, "अप्पा, तुमी तरी बोला धाकल्या भावजींस्नी."

मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर आलो, तर कुंडलिकच्या रानातून कोयत्याचा आवाज येत होता. तोडीला अजून तीन महिने होते. जाऊन बघतो तर कुंडलिक आपला हिरवागार ऊस तोडून बाजूला टाकत होता, आणि ओढ्याकडून बांधाकडं एक गल्ली तयार होत होती. ओढ्याकडची थोडी खणूनही झाली होती.

म्हस्कू बांधावर काठी घेऊन उभा होता. कधी आला होता कोण जाणे.

कुंडलिकनं घाम पुसला. "दादा, बरं आलास. ती काठी दे हिकडं. तुझा चर किती खोल हाय ते कळना, माझा उथळ ऱ्हायला तर पानी उलटं तुझ्याकडं यील."

म्हस्कूनं काठी दिली. कुंडलिकनं ती बांधापलीकडं चरात उभी केली आणि ओली रेघ बघायला वर काढली. तेव्हा त्याची बोटं खाचांवरून फिरली. त्यानं काठी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ह्या कशाच्या खुणा?"

मी पाण्याकडं बघत राहिलो.

"ह्या अंगाच्या माझ्या उसाच्या," म्हस्कू म्हणाला. "त्या अंगाच्या तुझ्या."

"कवाधरनं?"

"वाटणीधरनं. तुझा दर साली उंच भरतूया. कवा चार बोटं, कवा हातभर."

कुंडलिकनं काठी खाली टेकवली. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. "माझा उंच हाय?" त्यानं विचारलं. "मला ठावंच न्हवतं, दादा."

"ठावं न्हवतं?"

"कुनी सांगिटलंच न्हाय." मग त्यानं आपल्या उसाकडं मान वर करून पाहिलं, पहिल्यांदाच बघतोय असं, आणि पुन्हा काठीवरच्या ओल्या रेघेकडं. "आता हितं बग. तुझा चर छातीपत्तोर हाय, माझा कमरंइतकाच झालाय. आजून दोन हात खाली जायला पायजे. येतोस का?"

म्हस्कू बांध उतरून पलीकडं गेला. पाच दिवस दोघं खणत होते. फुलाबाई भाकरी आणायची, सारजा कालवण. पाचव्या दिवशी दुपार कलल्यावर कुंडलिकनं बांधाचं शेवटचं ढेकूळ कुदळीनं उडवलं आणि इतके दिवस कोंडलेलं पाणी एकदम खाली सुटलं. ते ओढ्यात पडेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूनं चालत गेलो. मग सारजा म्हणाली, "आता ह्या पान्याला मापू नगा म्हंजी झालं," आणि सगळ्यात आधी म्हस्कू हसला.

काठी कुंडलिकच्या अंगणात राहिली. म्हस्कूनं मागितली नाही. पुढच्या पंधरवड्यात फुलाबाईनं ती परसात रोवली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला. वेलाच्या तणाव्यांना खाचा चांगल्या सापडल्या.

जमीन लगेच सुधारली नाही. खारं पाणी निथळायला दोन पावसाळे गेले. खोलगट जागेत ऊस आलाच नाही, म्हणून म्हस्कूनं तिथं शेवरी लावली, आणि शेवरीचा पाला चाऱ्याला झाला म्हणून सहा मेंढरं आणली. आबाजी गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा मेंढरं ओरडली. बाकीच्या रानात ऊस झाला, बरा झाला, पण कुंडलिकच्या बरोबरीला कधी आला नाही. मला लांबूनही दिसायचं ते. म्हस्कूला दिसत नव्हतं का?

मी एकदा मुद्दाम खडा टाकला. कुंडलिकनं नवी सायकल आणली होती. म्हटलं, "म्हस्कू, भावाची सायकल बघितलीस का? माझ्या सायकलीपरीस उंच हाय म्हंत्यात."

तो तसाच उठून गेला. मी मागोमाग. त्यानं सायकल बघितली, घंटी वाजवली, पुन्हा एकदा वाजवली, पुतणीला दांडीवर बसवून अंगणात एक फेरी मारली. परसातून बाहेर पडताना दोडक्याच्या वेलाला हात लावून एक कोवळा दोडका तोडला आणि खिशात घातला. बांधावर आल्यावर मी विचारलं, "मग?"

"बघितलं, पर मापलं न्हाय."

"खरं सांग. मनात येत न्हाय?"

तो थांबला. शेवरीचं पान तोडून चावलं. "येतंय की. डोळं जात्यात तिकडं, आजून बी. हात रिकामा हाय म्हून परत येत्यात." थोडं चालल्यावर आपणहून म्हणाला, "अप्पा, मी पाच वर्सं पळत हुतो. तिकडं दुसरं कुनी पळतच न्हवतं. ते कळल्यावर पाय दुखाय लागलं बग."

एवढंच. ह्याच्यापेक्षा जास्त त्यानं मला कधी सांगितलं नाही.

एकोणसाठ साली शेतकी खात्यानं पीक स्पर्धा लावली, आणि कुंडलिकचं नाव कुणीतरी घातलं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी साहेब आले. खाकी टोपी, बरोबर वही आणि चामड्याच्या डबीतली टेप. नियम असा होता, की मापताना बांधाशेजारचा एक शेतकरी पंच म्हणून हजर हवा आणि टेपेचं टोक त्यानं धरावं.

बांधाशेजारी होता म्हस्कू. तो मेंढरं घेऊन फाट्याकडं पाण्यावर निघाला होता. साहेबांनी हाक मारून त्याला बोलावलं. फुलाबाई परसाच्या कोपऱ्यात उभी होती, तिनं माझ्याकडं पाहिलं. कुंडलिकनं मान खाली घातली. मला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे.

साहेबांनी एक ऊस बुडातून तोडून आडवा केला. "टोक इथं बुडाशी दाबून धरा," ते म्हणाले.

म्हस्कू खाली बसला. टेपेचं पितळी टोक त्यानं दोन बोटांत धरलं आणि उसाच्या बुडाशी दाबलं. टेप सरसरत लांब गेली, शेंड्यापर्यंत. साहेब तिकडून ओरडून आकडा सांगणार, तेवढ्यात एक मेंढरू बांधावरून उसात तोंड घालायला निघालं, आणि म्हस्कूनं टोक सोडून न देता तोंडानंच त्याला हाकललं.

साहेबांनी आकडा वहीत लिहिला. मग म्हस्कूकडं बघून म्हणाले, "चांगला भरलाय. तुमचाही फड शेजारीच आहे ना? टेप बाहेर आहे, घेऊ का तुमचंही माप?"

"नगं साहेब."

"अहो, नोंद तरी राहील. भावाच्या मानानं तुमचा किती ते कळेल."

म्हस्कू उठला. हाताची माती धोतराला पुसली. कुंडलिकच्या तोडलेल्या उसाचं शेंड्याकडचं वाढं उचललं आणि पुढच्या मेंढरापुढं धरलं. "म्या टोक धरलं, साहेब," तो म्हणाला. "बघितलं, पर मापलं न्हाय. माझी मेंढरं तानेली हायत."

आणि तो निघाला. उजवीकडं भावाचा ऊस, डावीकडं त्याचा, मधल्या बांधावरून सहा मेंढरं पुढं आणि तो मागं. चर ओलांडताना त्यानं दोन्ही हातांनी एक कोकरू उचलून पलीकडं ठेवलं. मान कुठल्याही बाजूला वळली नाही असं मी म्हणणार नाही. एकदा उजवीकडं वळली. मग पुढं कोकरू अडखळलं तशी ती परत आली.

साहेब टेप गुंडाळत होते. मी सायकलीला टेकून होतो, फुलाबाई वेलाजवळ उभी होती, आणि कुंडलिक तोडलेला ऊस हातात धरून उभा होता. म्हस्कू फाट्याच्या वळणाला बाभळीआड जाईपर्यंत आम्ही तिघं त्याच्याकडं बघत होतो.